साडेचार फुटांवरची खूण

(दृश्य: देवराई, सकाळ. ऐनाच्या खोडाला टेप गुंडाळणारे हात.)

सिंधुदुर्गातल्या एका गावची ही देवराई. टेप धरलेली मुलगी दापोलीहून आलीय, वनशास्त्र शिकते. टेप गुंडाळण्याआधी ती एक काठी खोडाला टेकवते. जमीन उतरती, म्हणून काठी चढाच्या अंगाला. काठीवर लाल खूण आहे, 1.37 मीटरवर. म्हणजे आपले जुने साडेचार फूट, माणसाच्या छातीएवढी उंची. आपल्याकडे झाडाची जाडी मोजायची ती इथेच.

युरोपात हीच खूण 1.30 मीटरवर असते. फरक सात सेंटिमीटरचा, पण खोड वर निमुळतं होत जातं. म्हणजे हाच ऐन तिकडच्या काठीने मोजला, तर केसभर जाड भरेल!

वनसंशोधकांना ही डोकेदुखी फार जुनी. जो तो आपल्या मापाने मोजणार, मग एकाचा आकडा दुसऱ्याच्या काय कामाचा? 1892 साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावी जर्मन, ऑस्ट्रियन आणि स्विस संशोधन केंद्रं एकत्र आली, ती प्रयोगांच्या पद्धती जुळवायला. 1929 मध्ये स्टॉकहोमला या संघाला आजचं नाव मिळालं: इंटरनॅशनल युनियन ऑफ फॉरेस्ट रिसर्च ऑर्गनायझेशन्स. लांबलचक नाव, म्हणून सगळे म्हणतात आयुफ्रो.

(दृश्य: देवळाचा सभामंडप. मानकरी बसलेले.)

या संघाचा कारभार समजायला आपली गावऱ्हाटी बरी पडते. देवराई कुणा एकाची नाही. कुऱ्हाड लावायची तर मानकरी बसतात, देवाला कौल लावतात. मूर्तीला लावलेली कळी उजवीकडून पडली तर होकार. डावीकडून पडली, की विषय संपला.

आयुफ्रोत कौल नाही, मतं आहेत. तिचे सभासद म्हणजे संशोधन संस्था आणि विद्यापीठं, शंभरावर देशांतली. पण आंतरराष्ट्रीय परिषदेत प्रत्येक देशाचा प्रतिनिधी एकच. देशात पन्नास संस्था असोत की एक, माणूस एकच बसणार. मोठ्या घरालाही एकच पाट, म्हणा ना.

दर पाच वर्षांनी, क्वचित चार, जागतिक अधिवेशन भरतं. 2019 ला ब्राझीलमध्ये कुरितिबा, 2024 ला पुन्हा स्टॉकहोम, 2029 ला नैरोबी. अध्यक्षही त्याच सुमारास बदलतो. दक्षिण आफ्रिकेचे माइक विंगफिल्ड, मग अमेरिकेचे जॉन पॅरोटा, 2024 पासून चीनचे शिरोंग लिऊ. पायउतार झालेला अध्यक्ष लगेच घरी जात नाही, कार्यकारी मंडळात बसून राहतो. जुना मानकरी कोपऱ्यात बसलेला बरा असतो. मागच्या वेळी काय ठरलं होतं, ते त्यालाच आठवतं.

खरं काम मात्र खाली चालतं. विभाग नऊ. वृक्षसंवर्धन, अनुवंशशास्त्र, वनोपज, वनांचं आरोग्य, अर्थकारण असे. विभागाखाली संशोधन गट, त्याखाली छोटे कार्यगट. एखादा विषय दोन-चार विभागांत पसरलेला असेल, तर त्यासाठी मुदतीचं कार्यदल नेमतात. मुदत संपली की कार्यदल बरखास्त. (आपल्याकडच्या समित्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.)

आणि हे सगळे पदाधिकारी मानद. अध्यक्षसुद्धा. पगारी माणसं आहेत ती व्हिएन्नाच्या सचिवालयात, आणि ती थोडकीच. ना मालकीचं जंगल, ना कुणावर हुकूम. मोजमापाच्या खुणा आणि चिन्हं कशी लिहावीत हे संघाने 1959 साली एकसारखं करून दिलं. त्यात छातीची उंची 1.30 धरलेली. तरी आपल्या साडेचार फुटांना कुणी हात लावलेला नाही.

(दृश्य: पुन्हा देवराई. मुलगी वहीत लिहितेय.)

आज कौल लावावा लागला नाही. झाड तोडायचं नव्हतं, मोजायचं होतं. सकाळी गावकराने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, ‘बा म्हाराजा, ह्या लेकराक संभाळून घे, काय चूकभूल झाली तर पदरात घे’, आणि बाकीचे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’

मुलीने घेर लिहिला. शेजारच्या रकान्यात, कुणी विचारलं नव्हतं तरी, लिहिलं: उंची 1.37 मीटर.

काठी उचलून ती पुढच्या झाडाकडे निघाली. किंजळ असावा.