आत जाण्याआधी बाहेरची वाट

शाळेच्या डान्सला विशेष गरजा असलेल्या मुलाला न्यायचं की नाही, यावर घरात बरीच चर्चा होते. त्याआधीचा प्रश्न मात्र राहून जातो. नको झालं तर तिथून बाहेर कसं पडायचं, हे त्याला ठाऊक आहे का? दार माहीत असलेलं मूल आत जास्त वेळ टिकतं. म्हणून आदल्या दिवशी, हॉल रिकामा असताना, त्याला घेऊन जा. दार, स्वच्छतागृह, पाणी आणि शांत खोली, या चारही ठिकाणी त्याला स्वतः चालू द्या.

न बोलणाऱ्या किंवा गोंधळात शब्द हरवणाऱ्या मुलाच्या खिशात एक लाल कार्ड ठेवा. ते पुढे आलं की सोबतच्या मोठ्या माणसाने काही न विचारता बाहेर न्यायचं. नेमकं इथेच बिनसतं. ‘अजून पाचच मिनिटं’ म्हणून एकदा जरी थांबवलं, तरी पुढच्या वेळी कार्ड खिशातच राहतं आणि मूल कान झाकून खाली बसतं. कार्डाचा सराव घरी, मजा चालू असतानाच करा.

आता आवाज. निम्मी दुखणी याचीच. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंती तो परत फेकतात, त्यामुळे एवढा फायदा मिळत नाही. आणि ‘जरा शांत जागा’ म्हणून मुलाला ज्या कोपऱ्यात बसवतात, तिथे बास, म्हणजे खोल घुमणारा आवाज, उलट साचतो! भिंतीपासून थोडं सुटं, दाराच्या बाजूला बसवा. इअरमफ (आवाज अडवणारी कानझाकणी) उपयोगी आहेत, पण खोल ठेका ते कमीच अडवतात, हे मुलाला आधी सांगा. चष्म्याची काडी किंवा हेअरबँड इअरमफच्या गादीखाली आला की फट पडते आणि आवाज आत शिरतो. घरी रोज दहा मिनिटं, त्याच्या आवडीचं गाणं लावून, ते घालायची सवय करा.

फ्लॅश होणारे दिवे लागणार आहेत का, हे आयोजकांना विचाराच. प्रकाशाने अपस्माराचा झटका (फिट) येणाऱ्या मुलांना सेकंदाला 3 ते 30 वेळा लुकलुकणारा दिवा सर्वांत धोक्याचा. अचानक तो लागलाच, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवायचं. नुसते डोळे मिटून भागत नाही.

नवे कपडे धुऊन, लेबल कापून, आधी तासभर घालून बघा.

व्हीलचेअरला गिरकी घ्यायला साधारण दीड मीटर मोकळं वर्तुळ लागतं. मागच्या मुठींना लटकवलेलं दप्तर आधी काढा, नाहीतर खुर्ची मागे कलंडते. आणि खुर्ची फिरवण्याआधी तिच्यात बसलेल्याला विचारा; खुर्ची म्हणजे त्याचं शरीरच. कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या हातात फुगलेला फुगा द्या, ठेका तळव्यांना कळतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे सांधे सैल असू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी किंवा शीर्षासनाच्या स्टेप्स नकोत.

नाचलंच पाहिजे, हा हट्ट मोठ्यांचा. कोणाला पुढचं गाणं निवडायला आवडतं, कोणाला नुसतं बघायला. गर्दी व्हायच्या आत पोचा आणि चेहरा हसरा असतानाच निघा. ‘या गाण्यानंतर घरी’ असं ठरलं असेल, तर ते गाणं डीजेला लिहून द्या. ते वाजलंच नाही, तर दारात रडारड ठरलेली.