आधी विचारा, मग उघडा : गोव्यातले जुने घरगुती कॉम्प्युटर

[दृश्य : भिजलेली कौलं. माळ्याची शिडी. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी हातोहात खाली येतं.]

गोव्यात जुने कॉम्प्युटर सापडतात ते चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी. घर झाडायला काढलेलं असतं, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) लाकडी चौकट उतरवायला कुणीतरी माळ्यावर चढतं आणि पितळेच्या भांड्यांमागून एक काळी चपटी पेटी निघते. रबराची चाळीस बटणं, उजव्या कोपऱ्यात चार रंगांचे तिरपे पट्टे. झेडएक्स स्पेक्ट्रम. इंग्लंडात १९८२ च्या एप्रिलमध्ये बाजारात आलेला, टीव्हीला जोडून वापरायचा हा घरगुती कॉम्प्युटर.

पेटी हातात आली की पहिला विचार येतो, चालतो का बघूया. तेवढं मात्र करू नका. या यंत्राला चालू-बंदचं बटणच नाही, पिन खुपसली की वीज आत गेलीच. आणि गोव्यात कॉम्प्युटर वापराने कमी मरतात, कपाटात जास्त मरतात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, पावसाचे चार महिने भिंतींना सुटलेली ओल, किनाऱ्याकडच्या घरांत खारा वारा. तीस-चाळीस वर्षं हे सगळं आत मुरलेलं असतं.

म्हणून ही यंत्रं जपणारी माणसं एकत्र बसतात तेव्हा एक क्रम पाळावा लागतो. आधी विचारायचं, मग उघडायचं, मग मोजायचं, आणि वीज सगळ्यांत शेवटी.

[दृश्य : तळमजल्यावरची खोली. तीन टेबलं. एका टेबलावर फक्त मोबाइल आणि वही.]

बैठकीला जागा तळमजल्यावरची बघा, कारण जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही जिना चढवणं म्हणजे पाठीचं काम. फोंडा बरा पडतो, पणजी आणि मडगाव दोन्हीकडून माणसं साधारण तासाभरात येतात. तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे आदल्या दिवशी तपासा. जुन्या घरांत तिसरं भोक बरेचदा नुसतं शोभेचं असतं. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला धरा.

पहिलं टेबल आठवणींचं. पंखा बंद करा, त्याची घरघर आवाजात उतरते. मोबाइल घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलावरची ठोकाठोक ऐकू येत नाही. "तुमच्या आठवणी सांगा" असं विचारलं की माणूस भाषण करतो. त्यापेक्षा नेमकं विचारा. कोणी आणला, कुठून? कुठल्या टीव्हीला जोडला होता? बातम्यांच्या वेळी टीव्ही कोण मागायचं? पहिली ओळ कोणती टाइप केली?

या शेवटच्या प्रश्नाला तोंडापेक्षा बोटं लवकर उत्तर देतात. बंद स्पेक्ट्रम पुढे सरकवा आणि "कॅसेट कशी लावायची?" एवढंच विचारा. ज्याने तो खरोखर वापरला त्याचं बोट थेट जे वर जातं, कारण त्या एका बटणात अख्खा लोड (म्हणजे कॅसेटवरचा प्रोग्राम आत घे) हा शब्द आहे. मग सिम्बॉल शिफ्ट धरून पी दोनदा, म्हणजे दोन अवतरणचिन्हं, आणि एंटर. हा हात व्हिडिओत टिपून ठेवा.

साल मात्र कुणालाच नीट आठवत नाही. लग्नाआधी की नंतर, गोवा राज्य झालं त्या वर्षी की त्याआधी, असा हिशेब सुरू होतो. इथे यंत्र स्वतः साक्ष देतं. आतल्या चिपांच्या पाठीवर बहुधा चार आकडे छापलेले असतात. ८३३४ असेल तर १९८३ चा चौतिसावा आठवडा. बोर्डवरच्या सगळ्या चिपांमधला सर्वांत उशिराचा आकडा घ्या, त्याआधी ते यंत्र विकत घेतलेलं असू शकत नाही. (नंतर बदललेली चिप असेल तर ती सोडून द्या, तिच्या पायांवरचं सोल्डर वेगळं चमकतं.) कुणी ८१ साली घेतला म्हणत असेल तर त्याला खोटं पाडू नका. आठवण आणि आकडा दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

शाळेतल्या यंत्रांसाठी डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या वस्तूंची नोंदवही) बघायला मिळालं तर सोनंच. १९८४ मध्ये देशात शाळांसाठी क्लास नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर दिले गेले. डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवान्याखाली डीबी स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला. दुकानातल्या जाहिराती शोधायच्या असतील तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळा. एक दुपार पुरत नाही, डबा घेऊन जा.

[दृश्य : दुसरं टेबल. स्पेक्ट्रम उपडा. पाच स्क्रू बशीत.]

आता उघडायचं. स्पेक्ट्रमच्या पोटाला पाच स्क्रू. ते काढले की लगेच झाकण उचलू नका. कीबोर्डचा पातळ पडदा दोन पारदर्शक पट्ट्यांनी बोर्डात खोचलेला असतो, एकीत पाच रेघा, दुसरीत आठ. पाच गुणिले आठ चाळीस, तीच ती चाळीस बटणं. हे प्लास्टिक वयाने कडक होतं आणि वाकवलं की रेघ तुटते. मग बटणांची एखादी रांगच मुकी होते. झाकण दोन बोटं उचला, पट्टी सॉकेटजवळ धरून सरळ वर ओढा. टोकालाच चीर असेल तर तीनचार मिलिमीटर कापून परत खोचता येते, पण तो तात्पुरता इलाज. नवे पडदे आजही बनतात, तो मागवणं चांगलं.

आत काय काय निघतं? मुंग्यांची माती, पालीच्या अंड्यांची टरफलं, आणि तांब्यावर हिरवा कळंक, न कल्हईच्या भांड्यावर येतो तसाच. कोरडा ब्रश, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाने नव्हे, जुन्या मऊ टूथब्रशने. गंज सोडवायचं तेल मारू नका, त्याची चिकट साय राहते आणि पुढच्या पावसात धूळ तिथेच बसते. उन्हातही ठेवू नका, प्लास्टिक पिवळं पडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात अर्धा किलो सिलिका जेलसोबत दोन दिवस ठेवा. आणि कपाटात डांबरगोळ्या टाकायची आपली सवय इथे मोडा, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते.

बीबीसी मायक्रो आला असेल तर वेगळी काळजी. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे दोन कपॅसिटर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरॅडचे, मधासारख्या रंगाच्या पारदर्शक कवचातले. आत धातूचा मुलामा दिलेला कागद आहे. कवचाला बारीक तडे जातात, कागद हवेतली ओल पितो, आणि २३० व्होल्टांखाली एक दिवस फट्‌ आवाज होऊन खोलीभर उग्र धूर. चालू यंत्रातही हे बदलावेत, आपल्या हवेत तर नक्कीच. थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या एक्स-२ वर्गाचेच घाला, साधे चालत नाहीत. बाकी यंत्राला बहुधा काही होत नाही, पण खोलीतली माणसं मात्र परत येत नाहीत.

[दृश्य : तिसरं टेबल. मल्टिमीटरचं टोक चिपच्या पहिल्या पायावर.]

मोजताना सुरुवात अ‍ॅडॅप्टरपासून. जुना ट्रान्स्फॉर्मरवाला अ‍ॅडॅप्टर पहिल्यांदा ६० वॉटच्या दिव्याच्या सिरीज बोर्डवर लावा, म्हणजे वीज दिव्यातून मगच अ‍ॅडॅप्टरला जाते. दिवा पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट, १.४ अँपिअर लागतो आणि पिनेचा मधला भाग उणे असतो. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॅप्टर याच्या उलटे, मध्ये अधिक. पिन बसते म्हणून लावला की संपलं. मूळ अ‍ॅडॅप्टर मोकळा मोजला तर १२-१३ व्होल्ट दाखवतो, त्याने घाबरू नका, भार पडला की खाली येतो.

कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा मूळ अ‍ॅडॅप्टर मात्र कधीही आंधळेपणाने लावू नका. आतला रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टची रेघ वर चढते आणि मेमरी जाळते. गोल प्लगच्या पिन ५ आणि २ मध्ये ५ व्होल्ट मोजा. ५.२ च्या वर गेला तर बाजूला ठेवा. रेझिनमध्ये ओतून बंद केलेला असतो, दुरुस्तीच्या फंदात पडू नका.

स्पेक्ट्रमची खरी नस खालच्या १६ के (किलोबाइट) मेमरीत आहे. आयसी ६ ते १३, आठ चिपा, प्रत्येकी ४११६ जातीच्या. त्यांना तीन वेगळे विजेचे दाब (व्होल्ट) लागतात. वीज दिल्यावर मल्टिमीटरचं काळं टोक बोर्डच्या ग्राउंडवर ठेवून मोजा : पाय १ वर उणे ५, पाय ८ वर अधिक १२, पाय ९ वर अधिक ५. टोक घसरून दोन पाय जोडले गेले तर चिप जाते, म्हणून हात टेबलाला टेकवूनच मोजा. ५ आहे पण १२ आणि उणे ५ नाहीत, तर टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर गेलेला समजा. कारण जवळजवळ ठरलेलं असतं : चालू असताना कुणीतरी मागच्या कडेला जॉयस्टिकचा डबा खोचला किंवा उपसला. तो जाताना मेमरीही सोबत नेतो. नुसता ट्रान्झिस्टर बदलून लगेच चालू केलं आणि खराब चिप तिथेच असली, तर नवाही जातो.

सगळं ठीक असेल तर टीव्हीचा पडदा काळा होतो, दोनेक सेकंदांत पांढरा, आणि तळाशी १९८२ ची ओळ. आता २३७३२ आणि २३७३३ या मेमरीतल्या दोन पत्त्यांवरचे आकडे पीक या आज्ञेने वाचा. दुसऱ्याला २५६ ने गुणून त्यात पहिला मिळवा. ६५५३५ आलं तर ४८ के शाबूत. ३२७६७ आलं आणि यंत्र ४८ केचं असेल तर वरची मेमरी आजारी आहे, पण १६ केचे खेळ चालतील. तेवढ्यावरही बैठकीत टाळ्या पडतात.

[दृश्य : कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके.]

कॅसेट हे वेगळंच दुखणं. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले की ती बुरशी. तशी कॅसेट वाजवली तर बुरशी हेडला लागते आणि पुढच्या दहा कॅसेट बिघडवते. अशा कॅसेटसाठी टेपरेकॉर्डर वेगळाच ठेवा आणि प्रत्येक बाजूनंतर हेड पुसा. वाजवण्याआधी पाठीवरचे दोन चिमुकले तुकडे मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी टेप पुसली जाणार नाही.

पहिल्या फेरीत स्पेक्ट्रम नकोच. टेप थेट लॅपटॉपवर उतरवून घ्या, मोनो, ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, वेव्ह फाइल. एमपी-३ नको, ती नेमक्या त्याच धारा बोथट करते ज्यांवर हे यंत्र वाचतं. आवाज घोगरा येत असेल तर हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू अंशाअंशाने फिरवा आणि शिट्टी सर्वांत धारदार ऐकू येईल तिथे थांबा.

मग स्पेक्ट्रमला द्या. आवाज पाऊण, ट्रेबल पूर्ण. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी जाड पट्टे स्थिर चालले की सूर पकडला. निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे माहिती आत चालली आहे. चार-पाच मिनिटं कुणी टेबल हलवायचं नाही.

[दृश्य : खालची ओळ उमटते : ० ओके, ०:१. दाराशी पुढचा माणूस, हातात गुंडाळी. चादर सुटते. अरबी अक्षरं असलेला कीबोर्ड.]

हा सख्र. कुवेतच्या अल आलमिया कंपनीने विकलेला एमएसएक्स, म्हणजे अनेक कंपन्यांनी एकाच नमुन्यावर बनवलेल्या घरगुती कॉम्प्युटरांपैकी एक. पहिल्या टेबलावर मोबाइल चालू होतो. पंखा बंद. "कुवेतहून कोणत्या साली आणलात?"

"इराकने आत येण्याआधी. ८६ असेल. नाही, ८७."

दुसऱ्या टेबलावर बशी आणि पेचकस वाट बघत आहेत.