काडी, घट आणि खत

(दृश्य : दोन बोटांत धरलेली गवताची वाळकी काडी. ती मोडते. फक्त आवाज.)

काडीमोड तो हाच. नवरा-बायको पंचांसमोर बसायची, गवताची काडी मोडायची आणि लग्न सुटायचं. मोडलेली काडी सांधत नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळायचं.

पण काडी हातात यायच्या आधी खूप बोलणं व्हायचं. अंगावरचे दागिने कोणाचे, मूल कोणाकडे राहायचं, लग्नाचा खर्च कोणी सोसायचा. ते मिटल्यावरच काडी. त्यानंतर बाईला पाट लावायची, म्हणजे दुसरा संसार मांडायची, मोकळीक. शेती आणि कारागिरी करणाऱ्या अनेक जातींत ही रीत होती. पंच मात्र पुरुषच असत.

(दृश्य : मडकं लवंडतं. पाणी मातीत जिरतं.)

घटस्फोटातला घट लग्नातला नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताला, म्हणजे जातीबाहेर टाकलेल्या माणसाला, जिवंतपणीच मेलेला ठरवण्याचा विधी आहे. नातलगांनी गावाबाहेर, संध्याकाळी, अशुभ दिवस पाहून जमायचं. दासीनं पाण्यानं भरलेला घट पायानं लवंडायचा, प्रेतासाठी करतात तसा. नातलगांनी एक दिवस-रात्र सुतक पाळायचं. त्यानंतर त्या माणसाशी बोलणं बंद, शेजारी बसणं बंद, वारशातला वाटाही बंद. परतीची वाटही तिथंच सांगितली आहे : प्रायश्चित्त पूर्ण झालं की त्याच्यासोबत स्नान करून नातलगांनी पाण्यानं भरलेला नवा घट जलाशयात सोडायचा.

ज्या पोथ्यांत बायकोला लग्नातून सुटायची वाट जवळजवळ नव्हती, त्या परंपरेतला हा शब्द. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, आणि मराठी कोर्टाच्या कागदावर घटस्फोट कायमचा बसला. ज्या काडीमोडानं बायका खरोखर सुटत होत्या, तो शब्द गावठी ठरला. आम्हाला हे खटकतं, म्हणून ही फिल्म काडीपासून सुरू केली.

(दृश्य : पिवळा पडलेला कागद, मोडीतल्या ओळी, खाली निशाणी.)

फारकत. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लिहिलेला कागद. फारखत हा देण्याघेण्यातला शब्द. कर्ज फिटलं की सावकार लिहून द्यायचा : तुमच्याकडे आमचं काही येणं उरलेलं नाही. नवऱ्यानं बायकोला लिहून दिलेल्या कागदालाही तेच नाव पडलं.

कोर्टात आज न्यायिक फारकत म्हणतात ती वेगळी, आणि इथं लोक हमखास चुकतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खालच्या या हुकमानं नवरा-बायकोला वेगळं राहता येतं, पण लग्न कायम असतं. दुसरं लग्न करता येत नाही. हुकमानंतर वर्षभर दोघं पुन्हा एकत्र आली नाहीत, तर त्या आधारावर घटस्फोट मागता येतो.

(दृश्य : स्टॅम्पपेपर. दोन सह्या, एक अंगठा. नोटरीचा शिक्का उमटतो.)

ही आजची सोडचिठ्ठी. टाइप केलेला मजकूर, दोन साक्षीदार, अर्ध्या तासाचं काम. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न नुसत्या या कागदानं मोडत नाही. नोटरी सही कोणाची आहे ते पाहतो. लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही.

कलम २९ चं दुसरं पोटकलम रूढीनं चालत आलेला काडीमोड मानतं. पण ‘आमच्यात चालतं’ एवढ्यावर कोर्टात भागत नाही. ही रीत आपल्या समाजात जुनी आहे, अखंड आहे, नक्की आहे, हे साक्षीपुराव्यानं शाबीत करावं लागतं. ते जमलं नाही तर दुसरं लग्न रद्दबातल, पेन्शनला वाद, वर फौजदारी गुन्हा.

(दृश्य : कोर्टाचा जिना. बाकावर पिशवी, पिशवीत लग्नाचा अल्बम.)

संमतीचा रस्ता कलम १३-ब चा. आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग दोघांचा एकत्र अर्ज. सहा महिन्यांनी, अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा सांगायचं की निर्णय तोच आहे. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. निकालाआधी एकानं संमती मागे घेतली तर या अर्जावर घटस्फोट मिळत नाही.

खरी गफलत अटींत होते. ‘दागिने परत मिळाले’ असं मोघम लिहू नका. मंगळसूत्र, त्याच्या दोन वाट्या, पाटल्या, प्रत्येकाचं वजन, दिल्याची तारीख, असं ओळीनं लिहा. मुलाला भेटणं ‘सोयीनुसार’ नको. वार, वेळ आणि मूल कुठून न्यायचं, कुठं आणून सोडायचं, हे लिहा. निकाल लागला की सहीशिक्क्याच्या दोन-तीन नकला लगेच काढा. रेशनकार्डापासून पासपोर्टपर्यंत तोच कागद मागतात.

(दृश्य : उंबऱ्यात बसलेली बाई. चेहरा. कॅमेरा हलत नाही.)

टाकलेली. हिच्या हातात कुठलाच कागद नसतो. तरी पोटगीचा अर्ज तिला करता येतो : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४४. त्यासाठी घटस्फोट झालेला असावा लागत नाही, आणि अर्ज ती राहते तिथल्या कोर्टात चालतो.

(दृश्य तसंच. पुढं निवेदन नाही.)