हेतू नसतानाही घडणारा भेदभाव

श्रोतेहो, नमस्कार.

भेदभावाची तक्रार घेऊन एखादी व्यक्ती न्यायालयात जाते, तेव्हा तिला बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो समोरच्याच्या मनाविषयी. त्याचा हेतू वाईट होता हे तुम्ही कशावरून म्हणता? प्रश्न रास्त वाटतो, कारण कोणाला दोषी ठरवायचे तर त्याच्या मनात काय होते हे पाहण्याची कायद्याची रीत फार जुनी आहे. परंतु गेल्या सत्तरएक वर्षांत मानसशास्त्राने पूर्वग्रहाविषयी जे दाखवून दिले आहे, ते या रीतीला अडचणीत आणणारे आहे. मनात कोणतेही वैर न बाळगता, किंबहुना आपण अगदी निःपक्षपाती आहोत अशा प्रामाणिक समजुतीत राहून, माणूस दुसऱ्याची संधी हिरावून घेऊ शकतो. आणि ज्याची संधी गेली त्याच्या हाती दाखवण्यासारखे काही उरत नाही. हा पेच कायद्याने कुठे सोडवला आणि कुठे टाळला, याविषयी आज मला बोलायचे आहे.

एका प्रयोगापासून सुरुवात करतो. कार्ल वर्ड, मार्क झॅना आणि जोएल कूपर या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. गोऱ्या विद्यार्थ्यांना मुलाखत घेण्याचे काम देण्यात आले. समोर येणारे उमेदवार, काही गोरे आणि काही कृष्णवर्णीय, हे संशोधकांनीच तयार केलेले होते आणि सर्वांनी सारखेच वागावे, सारखीच उत्तरे द्यावीत असे त्यांना शिकवलेले होते. तरीही कृष्णवर्णीय उमेदवार समोर असला की मुलाखत घेणारा त्याच्यापासून थोडा अधिक दूर बसत असे, बोलताना अधिक अडखळत असे आणि मुलाखत लवकर आटोपती घेत असे. कोणीही अपशब्द उच्चारला नाही, कोणीही कोणाला हिणवले नाही. संशोधक इथेच थांबले असते तर हा प्रयोग एवढा महत्त्वाचा ठरला नसता. त्यांनी दुसऱ्या टप्प्यात बाजू उलटी केली. या वेळी उमेदवार सगळे गोरे होते आणि मुलाखत घेणाऱ्यांना प्रशिक्षण दिलेले होते. काही उमेदवारांशी ते पहिल्या टप्प्यात गोऱ्यांशी जसे वागले गेले तसे वागले, तर काहींशी कृष्णवर्णीयांशी वागले गेले तसे, म्हणजे अंतर राखून, अडखळत, घाईने. ज्यांच्या वाट्याला ही दुसरी वागणूक आली, त्या गोऱ्या उमेदवारांची मुलाखत परीक्षकांच्या मते खरोखरच कमी दर्जाची झाली.

आता पहिल्या टप्प्यासारख्या मुलाखतीला सामोऱ्या गेलेल्या एखाद्या खऱ्या उमेदवाराने दाद मागितली असे समजा. तो काय सांगणार? खुर्ची जरा दूर होती, प्रश्न विचारताना समोरचा चाचरत होता आणि मुलाखत काही मिनिटे आधी संपली. यातल्या कोणत्याच गोष्टीची नोंद कुठे झालेली नसते. गुणपत्रकावर मात्र ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा असतो, आणि त्या दिवशीपुरता तो शेरा खराही असतो. भेदभावानेच निर्माण केलेली उणीव पुढे निवड न करण्याचे कारण म्हणून पुढे केली जाते. माझ्या मते पूर्वग्रहाच्या साऱ्या अभ्यासात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी नाही.

पूर्वग्रह मनात असतो आणि भेदभाव कृतीत उतरतो. कायदा मनातल्या विचाराला शिक्षा करीत नाही, आणि त्याने ती करूही नये; विचारांची झडती घेणारे शासन कोणालाच नको आहे. पण मनातून कृतीपर्यंतचा रस्ता फार छोटा आहे. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पडद्यावर क्षणभर दाखवलेल्या ठिपक्यांची संख्या ज्यांनी जास्त सांगितली ते एका गटात आणि कमी सांगितली ते दुसऱ्या गटात, असे मुलांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात गट केवळ योगायोगाने पाडलेले होते. आपल्या गटात आणखी कोण आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. तरीही पैसे वाटण्याची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर दोन गटांतला फरक मोठा राहावा म्हणून आपल्या गटाला मिळू शकणारी काही रक्कम सोडून देण्याकडेही त्यांचा कल दिसला. जिथे जुने वैर नाही आणि हितसंबंधही नाहीत, तिथे केवळ एक नाव पुरले. मग जिथे पिढ्यानपिढ्यांची उतरंड आहे, तिथे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको.

मानसशास्त्र न्यायालयात सर्वांत गाजावाजाने आले ते अमेरिकेत, १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्याचा निकाल लागला तेव्हा. वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने तळटीप क्रमांक ११ मध्ये सामाजिक शास्त्रांतील संशोधनाचा हवाला दिला आणि त्यात केनेथ क्लार्क यांचे नाव पहिले होते. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या होत्या, त्वचेचा आणि केसांचा रंग सोडला तर अगदी सारख्या. तुला खेळायला कोणती आवडेल, चांगली कोणती, वाईट दिसते ती कोणती, असे विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली पसंत केली आणि सावळी बाहुली वाईट ठरवली. त्यानंतर, तुझ्यासारखी दिसते ती बाहुली मला दे, असे सांगितल्यावर काही मुले रडू लागली, काही खोलीतून निघून गेली.

या प्रयोगावर पुढे टीका झाली आणि ती निराधार नव्हती. उत्तरेकडच्या, वेगळ्या न ठेवलेल्या शाळांतील मुलांतही गोऱ्या बाहुलीची ओढ होती, किंबहुना ती थोडी अधिकच दिसली होती. त्यामुळे दोष केवळ वेगळ्या शाळांचा, असा निष्कर्ष त्यातून निघत नव्हता. तरीही मला वाटते की मुलांना रंगावरून वेगळे बसवणे अन्यायाचे आहे हे ठरवायला न्यायालयाला बाहुल्यांची गरजच नव्हती. समतेचा हक्क एखाद्या प्रयोगाच्या आकड्यांवर टांगून ठेवला, तर उद्या आकडे बदलल्यावर तो हक्कही डळमळेल. मानसशास्त्राची खरी गरज अन्याय उघड असतो तिथे कमी आणि तो नियमांच्या आड दडलेला असतो तिथे जास्त असते.

असा दडलेला अन्याय १९७१ साली ‘ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर’ या खटल्यात समोर आला. नॉर्थ कॅरोलिनातील या वीज कंपनीच्या केंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजुरीच्या विभागात घेतले जाई. नोकरीतील भेदभावाला बंदी करणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी अमलात आला आणि त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या विभागांत येऊ पाहणाऱ्यांसाठी दोन लेखी चाचण्या लागू केल्या. शालान्त प्रमाणपत्राची अट होतीच. अट सर्वांना सारखी होती; पण आधीच निकृष्ट शाळांत शिकाव्या लागलेल्या समाजाचे लोक तिच्यात मोठ्या प्रमाणावर अडकत होते, आणि त्या चाचण्यांचा प्रत्यक्ष कामाशी संबंध आहे हे कंपनीला दाखवता आले नाही. न्यायालयाने एकमताने सांगितले की हा कायदा नोकरीच्या पद्धतींचे परिणाम पाहतो, केवळ त्यामागची प्रेरणा पाहत नाही, आणि चांगला हेतू अशा पद्धतीला वाचवू शकत नाही. अप्रत्यक्ष भेदभावाची कल्पना पुढे अनेक देशांच्या कायद्यांत रुजली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या प्रकरणात तिचा स्पष्ट स्वीकार केला. लष्करातील पुरुष अधिकाऱ्यांची कायम नियुक्तीसाठीची वैद्यकीय तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी होत असे. तो मार्ग स्त्रियांना उशिरा खुला झाला आणि मग तोच तंदुरुस्तीचा निकष त्यांना कितीतरी मोठ्या वयात लावण्यात आला. नियमाच्या शब्दांत स्त्री-पुरुष असा फरक नव्हता, पण परिणामात होता, आणि न्यायालयाने परिणामाकडे पाहिले.

हा मार्ग मात्र सगळीकडे खुला राहिला नाही. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस’ या खटल्यात ठरवले की राज्यघटनेच्या आधारे दाद मागायची असेल तर भेदभावाचा हेतू सिद्ध करावाच लागेल. त्याची किंमत १९८७ साली ‘मॅक्लेस्की विरुद्ध केम्प’ या खटल्यात दिसली. डेव्हिड बाल्डस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉर्जिया राज्यातील दोन हजारांहून अधिक खून-खटल्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. इतर घटक लक्षात घेतल्यावरही, बळी गेलेली व्यक्ती गोरी असेल तर फाशीची शक्यता ४.३ पट असल्याचे त्यात आढळले होते. न्यायालयाने हे संशोधन ग्राह्य आहे असे धरून चालूनही पाच विरुद्ध चार मतांनी याचिका फेटाळली, कारण या विशिष्ट आरोपीच्या, म्हणजे मॅक्लेस्की यांच्या, खटल्यात अमुक व्यक्तीने वर्णद्वेषाने निर्णय घेतला हे सिद्ध झालेले नव्हते. हा युक्तिवाद मान्य केला तर साऱ्या फौजदारी न्यायव्यवस्थेविषयी असेच प्रश्न उभे राहतील, अशी चिंताही निकालात होती; त्यावर न्यायमूर्ती ब्रेनन यांनी आपल्या भिन्न मतात लिहिले की ही तर अति न्याय होईल याची भीती दिसते. १९९१ साली मॅक्लेस्की यांना मृत्युदंड देण्यात आला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांना निवृत्तीनंतर त्यांच्या चरित्रकाराने विचारले, एखाद्या खटल्यातले आपले मत बदलावेसे वाटते का? त्यांनी याच खटल्याचे नाव घेतले.

मनातल्या साचेबंद प्रतिमा कायद्यापुढे कधी कधी शब्दरूपाने येतात, तेव्हा काम थोडे सोपे होते. अ‍ॅन हॉपकिन्स या प्राइस वॉटरहाउस या हिशेबनीसांच्या संस्थेत काम करीत होत्या. १९८२ साली भागीदारीसाठी सुचवलेल्या ८८ जणांत त्या एकट्या स्त्री होत्या. त्यांनी संस्थेला मोठी कामे मिळवून दिली होती, पण त्यांचा स्वभाव कडक आहे म्हणून निर्णय लांबवला गेला, आणि बायकांसारखे चाला, बोला, नटा, दागिने घाला असा सल्ला त्यांना देण्यात आला. सामाजिक मानसशास्त्रज्ञ सुझन फिस्क यांनी या खटल्यात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. अनेक पुरुषांत एकटीच स्त्री असेल तर तिच्याकडे प्रतिमेच्या चष्म्यातून पाहिले जाण्याचा संभव वाढतो, हे त्यांनी न्यायालयाला समजावून दिले. अशा साचेबंद अपेक्षांवरून निर्णय घेणे हाही लिंगाधारित भेदभाव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली मान्य केले. पुरुषाचा जो कडकपणा नेतृत्वाचा गुण ठरतो तोच स्त्रीचा अवगुण ठरावा, हे आपल्यापैकी किती स्त्री श्रोत्यांना परके वाटेल?

निकष माणूस पाहून कसे बदलतात, हे एरिक उल्मन आणि जेफ्री कोहेन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून फार नेमकेपणाने दिसते. पोलीस प्रमुखाच्या पदासाठी एक उमेदवार शिकलेला आणि दुसरा रस्त्यावरच्या अनुभवाचा, असे दोन प्रकारचे अर्ज लोकांना दाखवण्यात आले. पुरुष उमेदवार शिकलेला असला की शिक्षण महत्त्वाचे ठरे. शिक्षण स्त्री उमेदवाराकडे असले की त्याचे महत्त्व उतरे. आपण योग्यतेवरच निवड केली असे त्या लोकांना प्रामाणिकपणे वाटत होते. आणखी एक गोष्ट पुढे आली, ती प्रत्येक निवड समितीने आणि प्रत्येक न्यायाधीशाने मनावर घ्यावी अशी आहे: आपला निर्णय वस्तुनिष्ठ आहे याची ज्यांना अधिक खात्री होती, त्यांच्याच निर्णयात पक्षपात अधिक होता. मात्र उमेदवार पाहण्यापूर्वीच निकष ठरवून घेतले, तेव्हा भेदभाव नाहीसा झाला.

म्हणूनच लोकांची मने सुधारण्याच्या मोहिमांपेक्षा कार्यपद्धती बदलण्यावर माझा अधिक विश्वास आहे. १९९८ साली अँथनी ग्रीनवॉल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली, माणसाला स्वतःलाही न जाणवणारे सुप्त कल मोजणारी चाचणी जगभर पसरली. तिच्या आधारे एकेका व्यक्तीविषयी निवाडा करणे जोखमीचे आहे, असा इशारा तिच्या कर्त्यांनीच पुढे दिला आहे, आणि असे सुप्त कल बदलले तरी वागणे बदलतेच असे संशोधनात आढळत नाही. याउलट पद्धत बदलली की निकाल बदलतात. सॅम्युअल सॉमर्स यांच्या २००६ सालच्या अभ्यासात, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सदस्यांच्या मिश्र ज्यूरींनी अधिक वेळ चर्चा केली आणि खटल्यातील अधिक मुद्दे विचारात घेतले. अशा ज्यूरीत बसलेल्या गोऱ्या सदस्यांच्या तथ्यविषयक चुकाही कमी झाल्या.

कायद्याकडेही यासाठी एक उपयुक्त साधन आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या वांशिक समानताविषयक निर्देशानुसार, तक्रारदाराने भेदभाव झाला असावा असे वाटण्याजोग्या गोष्टी मांडल्या की तो झाला नाही हे दाखवण्याची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर जाते. मग मनाचा ठाव घेण्याची गरज राहत नाही; कागद पुढे ठेवावे लागतात. तेव्हा अशा प्रकरणात अडकलेल्या कोणीही प्रथम हे मागावे: निवडीचे निकष लेखी होते का, ते अर्ज उघडण्यापूर्वी लिहिले गेले की नंतर, कोणत्या निकषाला किती गुण होते, आणि निवड झालेल्या व्यक्तीला तेच निकष त्याच क्रमाने लावले गेले का.