गादीतली धूळ आणि फुप्फुसातल्या टी-पेशी

ऑगस्ट महिना. गोव्यात डिचोलीतलं घर. आठवडाभर ऊन नाही, गादीला कुबट वास सुटलाय. शिवणीतली चिमूटभर धूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आठ पायांचे माइट, म्हणजे धुळीतले बारीक किडे, चालताना दिसतात. लांबी जेमतेम 0.3 मिलिमीटर. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात. आर्द्रता 70-80 टक्क्यांवर गेली की त्यांची चंगळ.

दमेकऱ्याला त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेतल्या डर-पी-1 या प्रथिनाचा. हे पचनाचं विकर (एन्झाइम). श्वासनलिकेच्या अस्तरातले पेशींचे सांधे ते उसवतं. डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची पहारेकरी, हे प्रथिन उचलून लसिका ग्रंथीत नेते, टी-पेशीला (प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशीला) दाखवते. बहुतेकांत नियामक, म्हणजे प्रतिकाराला आवर घालणाऱ्या, टी-पेशी प्रकरण तिथेच मिटवतात. ॲलर्जीच्या दम्यात मात्र टीएच-2 या प्रकारच्या टी-पेशी तयार होतात. मॉसमन आणि कॉफमन या शास्त्रज्ञांनी 1986 साली उंदरांच्या पेशींत हा प्रकार वेगळा ओळखला.

टीएच-2 चं काम निरोप धाडण्याचं. हे निरोप म्हणजे इंटरल्युकिन नावाची प्रथिनं. इंटरल्युकिन-4 बी-पेशीला (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीला) आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड बनवायला लावतं. इंटरल्युकिन-5 अस्थिमज्जेतून इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मागवतं. इंटरल्युकिन-13 मुळे कफ चिकट होतो, नळीचा स्नायू जराशा निमित्ताने आवळतो. आयजीई श्वासनलिकेतल्या, हिस्टामिन हे दाहक रसायन साठवणाऱ्या मास्ट पेशींवर दबा धरून बसतं. पुन्हा धूळ गेली की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं, छाती घरघरते. चार-आठ तासांनी दुसरी लाट, इओसिनोफिलांची. संध्याकाळी गादी झटकली आणि मध्यरात्री धाप लागली, ती अशी.

सुंगटांतलं (कोळंबीतलं) ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतलं प्रथिन माइटच्या तशाच प्रथिनाशी इतकं मिळतंजुळतं, की काहींच्या आयजीईला दोन्हींतला फरक कळत नाही.

सालब्युटामॉलचा पंप स्नायू सैल करतो, पाच मिनिटांत बरं वाटतं. टी-पेशींचे निरोप चालूच राहतात. ते थोपवतं ओढायचं स्टेरॉईड, आणि पुरता गुण यायला रोज घेऊन काही आठवडे जातात. घोटाळा इथेच होतो: चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पाऊस ओसरला, बरं वाटलं, स्टेरॉईडचा पंप कपाटात. स्मृती टी-पेशी, म्हणजे आधीची ओळख लक्षात ठेवणाऱ्या, मात्र फुप्फुसात मुक्काम ठोकून असतात. पुढच्या जूनला त्यांना नव्याने काही शिकावं लागत नाही. दमा तीनेक महिने पूर्ण काबूत राहिला तरच डॉक्टर डोस कमी करतात.

चादरी, अभ्रे आठवड्याला एकदा 60 अंशांच्या पाण्यात धुवा. पंपाला स्पेसर (औषध धरून ठेवणारी पोकळ नळी) लावा, सावकाश ओढा, दहा सेकंद श्वास धरा. मग चूळ भरून थुंका. तोंडात राहिलेल्या औषधाने जिभेवर बुरशी धरते.