बॉक्सचं बटण चालूच ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीला गावी आलेली मुलं हल्ली आईवडिलांसाठी रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट-टॉप बॉक्स बसवून जातात. हेतू चांगला असतो. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात दिवाबत्ती, स्वयंपाक, जेवणं सगळं उरकायचं असतं आणि नेमक्या त्याच वेळी मालिका लागतात. रेकॉर्ड झालं की दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत बघता येतं. पण हीच मंडळी दिवाळीत परत येतात तेव्हा बॉक्समध्ये एकही भाग सापडत नाही आणि घरातल्या आजी म्हणत असतात, "मला नाही हो हे जमत." आज बोलायचंय ते या वाक्याबद्दल. आजींना जमत नाही असं फार क्वचित असतं. बहुतेक वेळा चूक बोर्डावर असते, वायरीत असते किंवा बसवणाऱ्याने अर्धवट सोडलेल्या सेटिंगमध्ये असते.

सुरुवात बोर्डापासून करू. झोपताना टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करायचं, ही आपल्याकडची जुनी आणि चांगली सवय. रेकॉर्डरच्या बाबतीत मात्र तीच आड येते. टीव्ही आणि बॉक्स एकाच एक्स्टेंशनवर असले की टीव्हीबरोबर बॉक्सही पूर्ण बंद होतो. बंद बॉक्स रेकॉर्डिंग करणार कसं? उपाय सोपा आहे. टीव्हीला एक बटण आणि बॉक्सला दुसरं. इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन्ही वेगळे करून घ्या. बॉक्सच्या बटणावर कागदाची पट्टी चिकटवा, तिच्यावर ठळक अक्षरात लिहा, 'बंद करू नये'. बॉक्स रिमोटने झोपवायचा. रिमोटवरचं लाल बटण दाबलं की तो स्टँडबायला जातो, म्हणजे चित्र बंद, पण आत घड्याळ चालू. वेळ झाली की तो आपणहून जागा होतो आणि रेकॉर्डिंग करतो. त्यासाठी टीव्ही चालू असायची गरज नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. रेकॉर्डिंग होण्यासाठी रात्रभर टीव्ही लावून ठेवणारी घरंही आहेत.

याला अपवाद एकच, विजेचा कडकडाट. वळवाच्या आणि परतीच्या पावसात, म्हणजे मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, कोकणात विजा जोरात असतात. अशा वेळी रेकॉर्डिंगचा विचार करू नका. बॉक्सचा प्लग काढा आणि मागची छत्रीची, म्हणजे डिश अँटेनाची, वायरसुद्धा काढा, कारण नुसता प्लग काढला तरी वायरीतून येणारा झटका बॉक्सपर्यंत पोचतो. हे काम गडगडाट सुरू व्हायच्या आधी करायचं, डोक्यावर वीज कडाडत असताना वायरीला हात लावायचा नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोबाइल अॅप आसपासच्या विजांची आगाऊ सूचना देतं, ते घरातल्या कुणाच्या तरी फोनवर असू द्या. वायरीच्या टोकाचा कनेक्टर फिरकीचा असतो. सांधे दुखणाऱ्या बोटांना तो सुटत नाही. नुसता ओढून काढायचा आणि दाबून बसवायचा कनेक्टर मिळतो, स्वस्त असतो. ज्येष्ठांच्या घरी तो आवर्जून लावून द्यावा.

आता वायरीकडे येऊ. "एक बघता बघता दुसरं रेकॉर्ड होतं," असं दुकानात सांगतात. त्यासाठी बॉक्समध्ये दोन ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारे दोन भाग, लागतात. अशा अनेक बॉक्सना छत्रीवरून दोन स्वतंत्र वायरी खाली याव्या लागतात आणि छत्रीच्या दांड्यावरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबाही, दोन तोंडांचा लागतो. बसवणारा घाईत असेल तर जुनीच एक वायर जोडून निघून जातो. चित्र दिसतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. मग आजी मालिका रेकॉर्डला लावतात, आजोबा बातम्या लावतात आणि पडद्यावर येतं, 'सिग्नल नाही'. दोघांनाही वाटतं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. बॉक्सच्या मागे वायर जोडायची तोंडं किती आहेत ते बघा. दोन असून एकच भरलेलं असेल तर बसवणाऱ्याला पुन्हा बोलवा. साध्या बॉक्सला ट्यूनर एकच असतो. त्यावर रेकॉर्डिंग चालू असताना दुसरं चॅनल सहसा लावता येत नाही, फार तर आधी रेकॉर्ड केलेलं बघता येतं. तो बिघाड नव्हे, त्या बॉक्सची मर्यादाच आहे आणि ती विकत घेण्याआधी कळलेली बरी.

वायरीचं बाहेरचं टोक खाऱ्या हवेत असतं. किनाऱ्याजवळच्या वाड्यांमध्ये एलएनबीपाशी असलेला कनेक्टर गंजतो, आत पाणी शिरतं आणि मधली तांब्याची तार हिरवी-काळी पडते. आधी एखाददुसरं चॅनल जातं, मग रेकॉर्डिंगमध्ये चौकडे दिसायला लागतात. मे महिन्यात, पावसाआधी, हे टोक एकदा तपासून घ्यावं. तार काळी असेल तर वीतभर वायर कापून नवा कनेक्टर बसवावा, वरून पाणी न शिरणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. घरात शिरण्यापूर्वी वायरीला खाली झुकणारा एक वळसा ठेवावा, म्हणजे पागोळीचं पाणी त्या वळशावरून ठिबकून जातं, वायरीवरून भिंतीत येत नाही.

छत्रीसमोरची झाडंही बघा. आपल्याकडून उपग्रह साधारण आग्नेयेकडे, उंचावर असतात. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, रत्नागिरीहून बघितलं तर क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर. छत्री बसवली तेव्हा लहान असलेला आंबा किंवा माड तीन-चार वर्षांत आड येतो आणि ओली पानं सुक्या पानांपेक्षा सिग्नल जास्त अडवतात.

पाऊस मात्र कापता येत नाही. छत्रीवर येणाऱ्या लहरी १० ते १२ गिगाहर्ट्झच्या घरातल्या असतात. त्यांची लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर. पावसाचे मोठे थेंब त्या शोषतात आणि इकडेतिकडे विखरून टाकतात. म्हणून मोठी सर आली की चित्र जातं आणि त्या वेळी चालू असलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढा तुकडा गळतो. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात हे होणारच. ६० सेंटीमीटरच्या जागी ७५ किंवा ९० सेंटीमीटरची छत्री लावली तर मध्यम सरींमध्ये फरक पडतो, मुसळधारेत फारसा नाही. पण याची दुसरी बाजू ज्येष्ठांना फार उपयोगाची आहे. बाहेर झड लागलेली, सिग्नल गेलेला, घराबाहेर पडता येत नाही, अशा दिवशी आधी साठवलेले भाग बघता येतात. जून उजाडण्यापूर्वी आवडीचे काही कार्यक्रम भरून ठेवा.

वीज जाण्यावरही एक उत्तम उपाय आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. बॉक्सच्या अॅडॅप्टरवरचं लेबल वाचा. '१२ व्होल्ट, १.५ अँपिअर' किंवा '२ अँपिअर' असं असेल तर इंटरनेटच्या राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर पुरवठा चालू ठेवणारी बॅटरी, त्याला चालू शकतो. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत आणि पिनेची जाडी व धन-ऋण जुळायला हवं. दुकानात अॅडॅप्टर घेऊनच जा. एलएनबीला लागणारी वीज बॉक्सच वायरीतून वर पाठवतो, छत्रीला वेगळी वीज लागत नाही. त्यामुळे घरात अंधार असला, टीव्ही बंद असला, तरी बॉक्स मुकाट्याने रेकॉर्ड करत राहतो. आत हार्ड डिस्क असलेला मोठा बॉक्स थेट विजेवर चालत असेल तर तो घरच्या इन्व्हर्टरवर घ्यावा.

साठवण दोन प्रकारची असते. काही बॉक्समध्ये हार्ड डिस्क आत असते, काहींना पेनड्राइव्ह बाहेरून लावावा लागतो. साध्या चित्राला तासाला साधारण १ जीबी जागा लागते, एचडी चित्राला ३ जीबी किंवा त्याहून थोडी जास्त. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर साधे कार्यक्रम तीसेक तास, एचडी जेमतेम दहा तास. अर्ध्या तासाची मालिका आठवड्यातून सहा दिवस घेतली तर तीन तास होतात. असे दोन-तीन कार्यक्रम लावले आणि काहीच पुसलं नाही, तर एचडीची जागा एक-दीड आठवड्यातच संपते, त्यानंतर बॉक्स निमूटपणे रेकॉर्डिंग बंद करतो. बघून झालं की पुसायचं, हा नियम ठेवा. आणखी एक धोका. नवा पेनड्राइव्ह लावला की बॉक्स 'फॉरमॅट करू का' असं विचारतो. 'हो' म्हटलं की त्यातलं सगळं जातं. लग्नाचे, बारशाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह बॉक्सला लावूच नका, कोरा नवीन आणा. स्वस्तातला पेनड्राइव्ह लिहायला हळू असतो, त्यामुळे चित्र अडखळतं. बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि ती टकटक आवाज करत पुन्हापुन्हा चालू-बंद होत असेल, तर बॉक्सच्या यूएसबीमधून तिला पुरेशी वीज मिळत नाही. तिला वेगळ्या प्लगवर चालणारा यूएसबी हब मध्ये जोडावा लागेल.

साध्या फ्री डिश बॉक्सवर घड्याळाचा घोळ फार होतो. सेटिंगमध्ये 'टाइम झोन' अधिक ५:३० असावा लागतो. तो शून्यावर राहिला तर बॉक्सचं घड्याळ साडेपाच तास मागे असतं. तुम्ही संध्याकाळी सातची वेळ घालता, बॉक्स रात्री साडेबाराला रेकॉर्डिंग सुरू करतो. सकाळी बघावं तर मालिकेच्या जागी भलताच कार्यक्रम. असं झालं की आधी घड्याळ बघा. आणि वेळ घालताना सुरुवात पाच मिनिटं आधीची, शेवट दहा मिनिटं नंतरचा ठेवा. रविवारचे मोठे भाग आणि लांबलेले सामने यांचा हिशोब त्यात धरा.

आता शिकवणाऱ्यांसाठी. घरातली तरुण मंडळी रिमोट हातात घेऊन भराभर दहा बटणं दाबतात आणि म्हणतात, "कळलं ना?" असं कुणालाच कळत नाही. रिमोट आजींच्या हातात द्या आणि स्वतःचे हात मागे बांधा. क्रमही उलटा घ्या. रेकॉर्ड करायला आधी शिकवूच नका. तुम्ही चार भाग भरून ठेवा आणि पहिल्या दिवशी फक्त ते उघडून बघायला शिकवा: यादीचं बटण, खाली-वर बाण, मधलं ओके. ते हातात बसलं की थांबवणं आणि पुढे चालू करणं. त्यानंतर समोर चालू असलेला कार्यक्रम रेकॉर्डच्या बटणाने घेणं. गाइडमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकात, जाऊन उद्याचा कार्यक्रम लावणं सगळ्यात शेवटी, दोन-चार दिवसांनी. लागणाऱ्या चार-पाच बटणांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. टिकली लावतात काही जण, पण ती घामाने सुटते.

दोन जागी ज्येष्ठ हमखास अडकतात. पहिली, बॉक्स सावकाश चालतो. बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो. अनेक बॉक्समध्ये गाइडवर रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की एक भाग, दुसऱ्यांदा दाबलं की पूर्ण मालिका आणि तिसऱ्यांदा दाबलं की सगळं रद्द. बोट थरथरत असेल तर तीनदा दाबलं जातं आणि लावलेलं रेकॉर्डिंग जातं. "दाबा, मनात पाच म्हणा, लाल खूण दिसते का बघा," एवढंच शिकवा. दुसरी जागा भाग संपल्यावरची. काही बॉक्स विचारतात, ठेवायचं की पुसायचं, आणि निवड आधीच 'पुसा'वर असते. सवयीने ओके दाबलं की भाग गेला. जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगला कुलूप लावायची सोय बहुतेक बॉक्समध्ये असते, ती वापरा.

रिमोट चालेनासा झाला तर आधी सेलची पेटी उघडा. दमट हवेत स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. कापसाला लिंबाचा रस लावून पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या आणि दोन्ही सेल नवे घाला. बॉक्सवर विणलेला रुमाल किंवा फुलदाणी ठेवू नका. वरच्या फटींतून उष्णता बाहेर पडायला हवी, बाजूंनी चार बोटं मोकळी जागा हवी.

शेवटची गोष्ट पैसे भरून घेतलेल्या डीटीएच जोडणीबद्दल. तिच्यावरचं रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सला बांधलेलं असतं. तो पेनड्राइव्ह शेजारच्या घरी किंवा संगणकावर चालत नाही आणि रिचार्ज संपलं तर पुष्कळदा आपल्याच बॉक्सवरही उघडत नाही. साध्या फ्री डिश बॉक्सवर घेतलेल्या फाइल मात्र बहुधा संगणकावर चालतात. म्हणून पैसे भरून घेतलेल्या जोडणीचा बॉक्स बिघडला आणि बदलून मिळणार असेल, तर जुना देण्याआधी, तो चालू होत असेल तर, राहिलेले भाग आधी बघून घ्या. ग्राहक क्रमांक, रिचार्जची तारीख आणि निरभ्र दिवशी सेटिंगमध्ये दिसणारा सिग्नलचा आकडा एका कागदावर लिहून तो टीव्हीच्या मागे चिकटवा. तक्रारीचा फोन लावला की पलीकडचा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो.

नमस्कार.