कळांमध्ये कानावर पडलेलं

मघाशी माझी ओळख करून देताना ताई म्हणाल्या, 'यांनी हजारो बाळंतपणं केली.' आधी तेवढं दुरुस्त करते. बाळंतपण बाई करते, मी तिच्या उशाशी असते. पहिली अकरा वर्षं नर्स म्हणून होते, त्यानंतर प्रसूतीसोबती म्हणून. शहरात हल्ली याला 'डूला' म्हणतात. नाव काहीही द्या. या कामानं मला बरंच शिकवलं, पण आज मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. कळा देणाऱ्या बाईच्या कानांबद्दल.

मी तेवीस वर्षांची होते. नाइट ड्यूटी होती, दवाखान्याचं नाव घेत नाही. पाच टेबलं आणि आम्ही दोघीच. सुरगाण्याकडची एक पहिलटकरीण आली होती. दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाच्या बागेत कामाला आलेली, बागेतूनच तिला आणलं होतं. ती सारखी ओरडत होती. मी तिला म्हणाले, "नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस? मग आता कशाला ओरडतेस?"

हे वाक्य इथल्या कितीतरी बायकांनी ऐकलंय, मला माहीत आहे. माना हलताना दिसतायत. ते माझं नव्हतं. सीनियर सिस्टर म्हणायच्या, मावश्या म्हणायच्या, मीही उचललं. ती गप्प झाली. मला वाटलं, काम झालं.

नऊ वर्षांनी ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. मी तिला ओळखलं नाही, तिनं मला ओळखलं. बहिणीला आत घेत होतो तेव्हा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, हिला ते बोलू नका." काय बोलू नको, मी विचारलं. तिनं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. अगदी माझ्या सुरात. आवाजात राग नव्हता. जुनी औषधाची चिठ्ठी जपून ठेवलेली असावी आणि ती उघडून दाखवावी, तसं. त्या रात्री घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

पुढे वाचनात आलं की अमेरिकेत पेनी सिमकिन नावाच्या बाईंनी हेच तपासलं होतं. प्रसूतीसोबतीच्या कामाला आजचं रूप देणाऱ्यांपैकी त्या एक. काही बायकांनी बाळंतपणानंतर लगेच आपली हकिगत लिहून ठेवली होती. पंधरा ते वीस वर्षांनी सिमकिन यांनी त्यांनाच पुन्हा विचारलं आणि दोन्ही ताडून पाहिलं. १९९१ साली ते प्रसिद्ध झालं. आठवणी जवळजवळ तशाच होत्या. आणि बाई आपल्या बाळंतपणाबद्दल समाधानी आहे की नाही, हे कळा किती तास चालल्या यापेक्षा तिच्याशी माणसं कशी वागली यावर जास्त अवलंबून होतं.

याला शरीराचंही कारण आहे. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना सांगायची गरज नाही. गाय विताना आपण गर्दी करू देत नाही, दिवा मंद करतो, कुत्र्याला बाहेर काढतो. बाई घाबरली की अंगात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं. कळा मंदावतात. मग आपणच म्हणतो, ही साथ देत नाही. गाईला जो आडोसा देतो तो सुनेला द्यायला आपल्याला इतका वेळ का लागला?

२०१७ साली याच विषयावरच्या सव्वीस संशोधन-चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, पंधरा हजारांहून जास्त बायकांचा. कळांच्या काळात सतत कुणीतरी सोबत असलं की सिझरचं प्रमाण कमी होतं, कळांचा काळ थोडा आखूड होतो. त्याच वर्षी केंद्र सरकारचा 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यातही सरकारी प्रसूतिगृहात सोबतीण असावी असं आहे. तरी बाहेरच्या बाकावर डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली आई मी अजून बघते. तिला आत बोलवायला एक वाक्य पुरतं.

आता बोलायचं काय? सुरुवातीला मी फार बोलायचे. "बस्स, झालंच, थोडंच राहिलं." हे सहा तास ऐकलं की बाईचा आपल्यावरचा विश्वास उडतो. हल्ली मी खरं तेवढंच सांगते. गर्भपिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं असताना कुणी म्हणतं, "अजून काहीच नाही." काहीच नाही कसं? तोंड मऊ झालंय, पातळ झालंय, रात्रभराचं काम आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलंय की कळांचा खरा जोर पाच सेंटिमीटरपासून धरावा आणि दर तासाला एक सेंटिमीटर हा नियम सगळ्यांना लावू नये. तेव्हा बाईला मी म्हणते, "डॉक्टरांनी बघितलं, तोंड पातळ झालंय." तिचे खांदे खाली येतात, मला हाताला कळतं. कारण हात तिच्या कमरेवर असतो, माकडहाडाच्या जरा वर, तळव्यानं दाबून धरलेला. बांगड्या मी आधीच काढून ठेवते. आणि पहिल्यांदा हात ठेवण्याआधी विचारते, "दाबू का?" काही जणी नाही म्हणतात. मग नाही.

सातपूरला कारखान्यात मशीनवर काम करणारा एक नवरा आठवतो. त्याला बोलायला काही सुचेना, म्हणून बायकोचा श्वास मोजत बसला. एक ते सहा, पुन्हा एक ते सहा, चार तास. तिला तेवढं पुरलं.

एक स्पष्ट सांगते. गोड बोलून रक्तस्राव थांबत नाही. बाळामागून वार (नाळेचा गोळा) पडल्यावर अंगावरून भळभळ जायला लागलं की इंजेक्शन लागतं, डॉक्टर लागतात, वेळेवर गाडी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली सुमारे पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात झाली, हे फार चांगलं झालं. पण त्या धावपळीतही तिच्या डोक्याशी एकीनं थांबून सांगावं की काय चाललंय. छताकडे बघत पडलेल्या बाईला नुसती पळणारी पावलं ऐकू येतात. आणि सिझर झालेल्या सुनेला भेटायला आलेल्यांनी "अरेरे, नॉर्मल नाही झालं का?" असं विचारू नये. त्याच पाहणीत राज्यातलं दर चौथं बाळंतपण सिझरचं आहे. पोटावर टाके घेऊन ती लेकराला चीक पाजतेय. तिला विचारा, झोप झाली का.

एक शेवटचं. गेल्या थंडीत एकीचं बाळ पोटातच गेलं, साडेआठ महिन्यांचं. घरच्यांनी घाईनं गुंडाळून नेलं. सासू रडत रडत तिला म्हणाली, "बघू नको गं, विसरशील." तिच्या भल्यासाठीच म्हणाली. पण मी त्या बाळाला पुसलं होतं, तेव्हा नीट बघितलं होतं. अडीच महिन्यांनी ती माझ्या घरी आली. चहा घेतला, घराकडचं बोलली, आणि मग कपाकडे बघत म्हणाली, "ताई, केस होते का?"

"होते," मी म्हणाले. "काळेभोर. मानेवर जरा कुरळे झालेले."

तिनं स्वतःच्या मानेवर हात फिरवला. "आमच्या आईचे आहेत तसे," ती म्हणाली. मग उरलेला चहा प्यायली आणि पुन्हा विचारलं, "अजून काय होतं?" मी सांगत गेले. नखं, भुवया, उजव्या कानामागची छोटी खूण. मला जेवढं आठवत होतं तेवढं सगळं.